गुरुवारची सुई

२ ऑगस्ट, शनिवार

ही वही वस्तादांनी सरावाची नोंद ठेवायला दिली आहे. पुढच्या पानांवर तेच लिहायचं. आज कुणाला ढकललं, कुणी मला ढकललं, कुठे चुकलो. वस्ताद वाचतात आणि खाली लाल पेनने 'अजून वाक' असं लिहितात. पाच वर्षांत दुसरं काही लिहिलेलं नाही. तिथे खरं लिहिण्याची सोय नाही. म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून सुरू करतोय.

खरं एवढंच, की मी हामाइवावर जळतो.

हामाइवा आमच्या सुमोच्या तालमीतला सगळ्यात जुना पैलवान. नोतोच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याचा मुलगा. वय एकतीस. त्याच्या नावातला 'इवा' म्हणजे खडक. तो वस्तादांच्या स्वतःच्या जुन्या कुस्तीच्या नावातला आहे, त्यांनी काढून त्याला दिला. मी वीस वर्षांचा, शाळेची नऊ वर्षं कशीबशी ढकलून तोकुनोशिमा बेटावरून तोक्योला आलो, आणि अजून घरच्या आडनावानेच लढतो. मोतोई. रिंगणात नाव पुकारतात तेव्हा शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटतं.

नागोयाची स्पर्धा संपली त्या रात्री वस्ताद म्हणाले, "मोतोई, सप्टेंबरपर्यंत शंभर किलो भर. मग स्पर्धेत सातांतल्या चार कुस्त्या जिंक. नाव देतो."

मी ब्याण्णव किलोवर अडकून बसलोय. माझ्या अंगाला खुराकच लागत नाही. आणि हामाइवा हल्ली एक वाटी खातो. एक! तरी आज सकाळी त्याने मला रिंगणाबाहेर असं फेकलं, की भिंतीच्या फळीला डोकं आपटलं.

"काय रे उसा," म्हणाला, "मोडलास का?"

आमच्या बेटावर ऊस पिकतो आणि मी बारीक, म्हणून तो मला ऊस म्हणतो. आता सगळेच म्हणतात. नाव द्यायचं काम वस्तादांचं, पण माझं त्यानेच उरकून टाकलंय.

४ ऑगस्ट, सोमवार

आज चांको, म्हणजे पैलवानांचा खुराकी रस्सा, रांधायची पाळी माझी आणि तोबेची होती. तोबे आकिताकडचा, माझ्याच वयाचा, दीडशे किलोचा, आणि जीभ त्याहून जड. कोंबडीचे गोळे, कोबी, टोफू, मुळा, सगळं त्या मोठ्या पातेल्यात.

रीतीप्रमाणे वस्ताद आधी बसले, मग हामाइवा, मग बाकीचे जुने. आम्ही मागे घाम पुसत उभे. वाटी रिकामी झाली की भरायची, बोलायचं नाही. वस्तादांच्या पंगतीत मागे उभ्या असलेल्याने तोंड उघडायचं नसतं.

मी हामाइवाची वाटी भरायला वाकलो, तर त्याने वाटीवर तळहात ठेवला. पुरे. मी वस्तादांकडे बघितलं. आता ओरडतील. मार्चमध्ये मी सहाव्या वाटीला चॉपस्टिक खाली ठेवली तेव्हा म्हणाले होते, "पैलवान आहेस की पाहुणा?" हामाइवाला काही नाही. मान हलवून मुळा खात राहिले.

आमची पाळी आली तेव्हा पातेल्यात कोबी आणि पाणी. मी भातावर भात घेतला. शेवटचा घास डोळ्यांतून पाणी येईस्तोवर गिळला. तोबे म्हणाला, "उसा, तुझं पोट आहे का नळ? वरून घालतोस आणि खालून वाहून जातं."

मग सगळे झोपले. जेवलं की झोपायचं, त्यानेच अंग भरतं. मला झोप आली नाही. वर ओकामीबाईंच्या, म्हणजे वस्तादांच्या पत्नींच्या, हसण्याचा आवाज येत होता. हामाइवा वर होता.

७ ऑगस्ट, गुरुवार

कळलं.

 वरच्या मजल्यावर ओकामीबाईंचं घर. आमचे कपडे, आजार, घरचे फोन, सगळं त्या बघतात. आईच म्हणा. मी आलो तेव्हा रात्री रडायचो, तर त्यांनी मला एक उशी दिली होती. ती अजून माझ्याकडे आहे. पण उशी एकदाच दिली. हामाइवाला दर गुरुवारी वर बोलावतात.

आज भाजीवाल्याने कांद्याच्या पातीची जुडी दिली, ती द्यायला वर गेलो. स्वयंपाकघराचं सरकतं दार अर्धं उघडं होतं. हामाइवा खुर्चीत, सदरा वर केलेला. ओकामीबाईंनी फ्रिजमधून एक डबा काढला, त्यातून जाड पेनासारखं काहीतरी. त्याने ते पोटावर टेकवलं. टक् असा आवाज झाला. थोड्या वेळाने परत टक्.

ओकामीबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, अंगातल्या हार्मोनसारखंच काम करतं हे. एवढं सोडू नकोस. सप्टेंबरला तू ताठ उभा राहशील बघ."

"तुमच्यामुळे," तो म्हणाला.

"गप. सदरा खाली कर, सर्दी होईल."

ऑगस्टात सर्दी! मी पात दाराशी ठेवून खाली आलो.

१० ऑगस्ट, रविवार

आईने काळी साखर पाठवली. आमच्या उसाची, चुलीवर आटवलेली, खडे अजून ओबडधोबड. घरून काही आलं की पहिला वाटा जुन्यांना, ही रीत. मी सगळ्यात मोठा खडा कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी हामाइवाला दिला.

त्याने कागद उघडला, नाकाशी नेला, डोळे मिटले.

"आईला सांग, तुमच्या बेटाचा वास इथवर आला."

"खा ना, दादा."

"खातो, खातो." आणि खडा बाहीत टाकला.

तोबेने तिथल्या तिथे तीन खडे चघळले. बाकीचे बोटं चाटत होते. हामाइवा एकटा हात जोडून बसला होता, देवळात बसल्यासारखा. हे काही पहिल्यांदा नाही. नवीन वर्षालाही बाहीत, मे महिन्यातही बाहीत. फेकून देत असणार. माझी आई पन्नाशीची आहे, धुरात उभी राहून हे आटवते. याच्या पोटात फक्त ओकामीबाईंच्या हातचं जातं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

न्हाणीघरात त्याची पाठ घासायची पाळी माझी होती. पाठ म्हणजे दरवाजाच. पण कातडी सैल पडलीय, पूर्वीसारखी ताणलेली नाही. पोटावर बेंबीच्या आजूबाजूला बारीक ठिपके, काही जांभळे, काही पिवळे पडलेले. पायाच्या अंगठ्याला नेहमीची पट्टी. तो अंगठा वर्षभर बरा होत नाहीये. एवढं लाडाचं दुखणं मी दुसरं बघितलं नाही.

"दादा, हे पोटावर काय?"

"डास."

खोटारडा.

संध्याकाळी तोबेला विचारलं, हार्मोन म्हणजे काय. तो मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ बघत असतो, त्याला असलं ठाऊक.

"अरे, ते परदेशी बलदंड लोक टोचून घेतात ते. त्याने बैल होतो माणूस. कुठे मिळतंय का? मलाही सांग."

"छे, असंच विचारलं."

आता सगळा हिशेब लागला. मी सात वाट्या खातो आणि मला काही होत नाही. तो एक खातो आणि मला फेकतो. वजन उतरलंय त्याचं, तरी पूर्वीपेक्षा चपळ आहे. म्हणजे त्याची ताकद पातेल्यातून येत नाही. त्या पेनातून येते. आणि बाईंनी ते माझ्यासाठी आणलं नाही, त्याच्यासाठी आणलं. मलाही उभं राहायचंच आहे की सप्टेंबरला.

१६ ऑगस्ट, शनिवार

पितरांचे दिवस. वस्ताद आणि ओकामीबाई त्यांच्या गावी घराण्याच्या थडग्यावर गेलेत, उद्या येतील. हामाइवा तपासणीला दवाखान्यात. दुपारी जेवण झालं, सगळे घोरायला लागले. एकशेपन्नास किलोची माणसं घोरतात तेव्हा जिना करकरला तरी ऐकू येत नाही.

फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे डबा होता. त्यात चार पेनं. मी एक घेतलं. मग वाटलं, तो कित्येक महिने घेतोय, मला गाठायचं तर एकाने काय होणार. दोन घेतली. टोपी काढायची, पोटाला टेकवायचं, बटण दाबायचं. बालवाडीतल्या पोरालाही जमेल. दुखलंसुद्धा नाही. रिकामी पेनं रस्त्याच्या टोकाच्या दुकानातल्या कचऱ्याच्या पेटीत टाकली.

परत येताना दिवाबत्तीच्या खांबाला दोन्ही हातांनी ढकलून बघितलं. अजून काही नाही. रात्रीतून कळेल.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी भाताचा वास आला आणि पोटात कुणीतरी दगड ठेवल्यासारखं झालं. औषध चढत असणार. दुपारी पहिल्या वाटीला उलटी. तोबे म्हणाला, "नवरी झालीस का?"

२१ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस लिहायची ताकद नव्हती. आज बसून लिहितोय.

सोमवारी सकाळी सरावाला उतरलो. दोन दिवस पाणीसुद्धा पोटात राहत नव्हतं. वस्तादांनी विचारलं तर म्हटलं, उन्हाचं आहे. हामाइवाच्या छातीवर धावून जायचं होतं. मी धावलो, त्याची छाती यायच्या आधीच वाळू वर आली. शुद्धीवर आलो तेव्हा हामाइवाच्या पाठीवर होतो. त्याने कुणाला हात लावू दिला नाही, म्हणे. "उन्हाचंच आहे, मी नेतो," असं वस्तादांना सांगून टॅक्सीत घातलं, आणि दवाखान्यात, त्याच्याच डॉक्टरीणबाईंकडे.

टॅक्सीत म्हणाला, "किती?"

"काय किती?"

"उसा, तुला कोबीचा वास सहन होत नाही, पोट फुगलंय, तोंडाला कडू पाणी येतंय. पहिल्या महिन्यात मी असाच होतो. आणि डब्यात दोन कमी आहेत. सकाळी बघितलं मी. किती घेतलीस?"

मी म्हटलं, "दोन."

 मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला.

"ताकदीचं औषध वाटलं ना तुला? वाटलं ना?"

"हार्मोन म्हणाल्या बाई."

"अरे गाढवा! जेवल्यावर आपल्या अंगात एक निरोप्या सुटतो. तो डोक्याला जाऊन सांगतो, पुरे झालं, थांब. या सुईत त्याचा तोतया आहे. जेवलो नाही तरी सांगतो, जेवलास. आणि डोकं विश्वास ठेवतं. जगात सगळ्यांना कमी खायला लावणारं औषध, आणि तू ते चोरलंस वजन वाढवायला!" परत हसला. मग एकदम थांबला. "डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगायचं. मी सांगतो, तू मान हलव."

डॉक्टरीणबाई एवढ्याशा आहेत, पण त्या बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. सलाइन लावलं. दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्याचं औषध टोचून घेणारा मूर्ख आणि दोन-दोन टोचणारा महामूर्ख, एवढं लक्षात आहे.

हामाइवा खुर्चीत मावत नव्हता, तरी बसून होता. तेव्हा कळलं. त्याच्या रक्तात साखर आहे. तीन वर्षांपासून. बारा वर्षं खुराक म्हणून जे खाल्लं ते अंगात साठलं. अंगठ्याची जखम त्यामुळेच भरत नाही. मागच्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले होते, बोट काढावं लागेल. मग ही सुई सुरू झाली.

"मग माझ्या आईची साखर..." मी म्हटलं.

"झोप आता," तो म्हणाला.

तालमीत आल्यावर त्याने मला पातळ पेज भरवली. चमच्याने. जुन्याने नव्याला वाढायचं नसतं, आणि हा भरवतोय. तोबे दारातून डोळे फाडून बघत होता. मला लाज वाटली. बरंही वाटलं. आणि परत राग आला, की हेही त्यालाच जमतं.

आज गुरुवार. दुपारी वरून ओकामीबाईंचा आवाज.

"दोन कुठे गेली?"

"बॅगेत टाकून नेली होती. उन्हात राहिली. खराब झाली, फेकली."

"फेकली? दोन? अरे, लहान आहेस का तू? पायाचं बोट जायची वेळ आली होती तुझी! आईला काय तोंड दाखवू मी तुझ्या?"

कितीतरी वेळ बोलत होत्या. मधेच रडल्या. मी खाली तांदूळ धूत होतो. लिहायला लाज वाटते, पण हीच वही खऱ्याची आहे. मला वाटलं, पाच वर्षांत मला त्या असं एकदाही रागावल्या नाहीत.

२३ ऑगस्ट, शनिवार

सराव संपल्यावर वस्तादांनी सगळ्यांना वाळूवर बसवलं.

"हामाइवा सप्टेंबरला लढणार नाही. बुचडा कापायचा."

 मग समजलं. हिवाळ्यातच वस्तादांनी त्याला थांबवलं होतं. त्याने सप्टेंबरपर्यंतची मुदत मागून घेतली. वस्तादांनी अट घातली होती, औषधाची एकदाही हयगय करायची नाही. हयगय झाली त्या दिवशी केस कापायचे, म्हणजे कुस्ती सोडायची. त्याने शब्द दिला होता. सप्टेंबरची स्पर्धा ही त्याची शेवटची ठरलेली होती. नोतोहून त्याची आई बघायला येणार होती. बारा वर्षांत ती एकदाही आली नाही. भूकंपात घर पडलं, वडील गेले, तेव्हापासून ती गावाबाहेर पडलेली नाही. तिकीट काढलंय तिने.

"स्वतःचं औषध सांभाळता येत नाही," वस्ताद म्हणाले, "त्याला रिंगणात मी सांभाळू शकत नाही."

हामाइवा वाळूवर डोकं टेकवून म्हणाला, "माझी चूक."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

सगळी तालीम सुतकात. तोबे, जो कुणालाच मानत नाही, तो भांडी घासताना नाक ओढत होता. "असा माणूस होणे नाही," म्हणाला. शेजारच्या भाजीवाल्याने फुकट टरबूज पाठवलं. ओकामीबाईंचे डोळे सुजलेत. जो तो हामाइवा, हामाइवा.

मी बोललो तर माझा सप्टेंबर गेला. नाव गेलं. कदाचित तालीमही गेली, आणि बेटावर परत जाऊन बापाच्या झुंजीच्या बैलांना गवत घालायचं. नाही बोललो तर? कुणाला कळणार नाही. तो सांगणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक आहे.

हेच मला सहन होत नाही. तो माझ्यासाठी बुचडा कापून घेणार, देव होणार, आणि मी आयुष्यभर त्या देवाच्या पाया पडत राहणार? माझ्या चोरीचं पुण्यसुद्धा त्याच्याच खात्यात? नाही जमणार.

२५ ऑगस्ट, सोमवार

बोललो.

दुपारची पंगत. वस्ताद, हामाइवा, बाकीचे जुने बसलेले. मी आणि तोबे मागे उभे. हामाइवाने वाटीवर हात ठेवला. मी पळी हातात धरून म्हटलं, "पेनं मी चोरली."

तोबेने माझ्या पिंढरीला लाथ मारली. मागे उभ्या असलेल्याने बोलायचं नसतं.

"मी चोरली," परत म्हटलं. "मला वाटलं त्याने ताकद येते. दोन्ही मी टोचून घेतली. दादा खोटं बोलले. उन्हात काही राहिलं नव्हतं."

वस्तादांनी चॉपस्टिक खाली ठेवली. आवाज नाही झाला.

हामाइवा म्हणाला, "वस्ताद, पोराला ताप होता, काहीही बडबड—"

"दादा, तुम्ही गप्प बसा!" मी ओरडलो. "प्रत्येक गोष्ट तुम्हीच का करायची? ही एक माझी आहे, मला करू द्या!"

जन्मात कुणी त्या खोलीत जुन्यावर ओरडलं नसेल. सगळे पातेल्याकडे बघायला लागले, जणू पातेलंच बोललं.

वस्ताद म्हणाले, "पळी दे." मी दिली. त्यांनी स्वतःच स्वतःची वाटी भरली. खाल्लं. उभे होतो ते उभेच, बसलेले बसलेलेच. वाटी संपल्यावर म्हणाले, "शब्द हामाइवाने मोडला नाही. तो लढेल. मोतोई सप्टेंबरमध्ये लढणार नाही, आणि रोज हामाइवाची बॅग उचलून स्टेडियमपर्यंत नेईल. नाव वगैरे विसर." मग मला म्हणाले, "बस. जेव."

"माझी पाळी अजून—"

"मी सांगतोय. बस."

वस्तादांच्या पंगतीत बसलो. समोर कोंबडीचे गोळे, वरचे, ताजे. पाच वर्षं ज्याची वाट बघितली ते ताट. अर्धी वाटीसुद्धा गेली नाही.

संध्याकाळी जिन्यात ओकामीबाई भेटल्या. मला थांबवलं. मी मान खाली घातली. जे काही ऐकून घेतलं ते पाच मिनिटं तरी चाललं असेल. मेला असतास तर, तुझ्या आईला काय सांगितलं असतं, अक्कल कुठे गहाण ठेवलीस. रडल्याही.

मी सगळं ऐकलं. एक शब्द सुटू दिला नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

वजन केलं. चौऱ्याऐंशी. तोबे म्हणाला, "उसाचा आता गवती चहा झाला."

हामाइवा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. आज सरावानंतर म्हणाला, "कशाला बोललास? मी मनाची तयारी केली होती."

"मला तुमचे उपकार नको होते."

"जळतोस माझ्यावर?"

"हो."

तो वाळूतून पाय घासत राहिला. "तीन वर्षांपूर्वी," म्हणाला, "तू अजून लहान होतास. रात्री फ्रिजमधून थंड भात काढून, वर तुझी ती साखर किसून खायचास. मी अंथरुणात पडून आवाज ऐकायचो. इतका जळायचो ना तुझ्यावर..."

हे काय बोलणं झालं? तेव्हा त्याला साखरेची बंदी नुकतीच झाली असेल नाहीतर व्हायची असेल. पण थंड भातावर कुणी जळतं का? माझी समजूत काढत असावा.

२७ सप्टेंबर, शनिवार

रोज बॅग उचलून नेतो. बॅगेत टॉवेल, लंगोटाचा पट्टा, पट्टीचं सामान, ग्लुकोजच्या गोळ्या. गुरुवारी सुईची आठवण मी करून देतो. ओकामीबाईंच्या आधी.

कालपर्यंत तीन जिंकला, तीन हरला. आज सातवी, शेवटची. त्याची आई वरच्या स्वस्त जागेवर बसली होती, एवढीशी, मांडीवर डबा. तिला जागा दाखवायला मीच गेलो होतो. मला म्हणाली, "तू तो ऊस का? तो फोनवर तुझंच सांगत असतो." काय सांगतो ते विचारायचं राहिलं.

मी आत जायच्या वाटेत भिंतीला टेकून उभा. समोरचा बावीस वर्षांचा, विद्यापीठातून आलेला, डोंगरासारखा. मनात म्हटलं, हर. मग म्हटलं, हरलास तर बघ. दोन्ही एकाच वेळी म्हटलं, दात दुखेपर्यंत.

डोंगर धावून आला. पूर्वीचा हामाइवा असता तर छातीवर घेऊन उभा राहिला असता. आजचा एक पाऊल बाजूला सरकला. तो अंगठा वाळूवर टेकवून, हलक्या पायाने. डोंगर स्वतःच्याच वजनाने बाहेर गेला.

बारा वर्षं वजनाने जिंकला, आता वजन गेल्यावरही जिंकला. म्हणजे जळायचं तरी कशावर?

परत येताना वाटेत माझ्यासमोर थांबला, धापा टाकत. मी बॅग पुढे केली. तो म्हणाला, "आई रडली का?"

"मी कुठे वर बघितलं," मी म्हटलं. खरंच नव्हतं बघितलं.

२८ सप्टेंबर, रविवार

तालमीत केस कापायचा समारंभ. काळा किमोनो घालून तो खुर्चीत बसला. एकेकाने मागे जाऊन कात्रीने एक बट कापायची. जुने शिष्य, आश्रयदाते, भाजीवाला, आई. शेवटचा घाव वस्तादांचा. आम्हा खालच्यांनी भिंतीला टेकून टाळ्या वाजवायच्या.

वस्तादांच्या आधी हामाइवा म्हणाला, "एक राहिला." आणि मागे न बघता, "उसा, ये."

कात्री जड होती. केसांना तेलाचा गोड वास. कानाजवळ म्हणालो, "दादा, चुकून कान कापला तर?"

"कापलास तरी मीच खोटं बोलीन, उन्हात पडला म्हणून."

सगळे रडत होते आणि आम्ही दोघं हसत होतो. ओकामीबाईंनी डोळे वटारले.

समारंभ संपल्यावर त्याने मला एक पत्र्याचा डबा दिला. बिस्किटांचा जुना. आत काळ्या साखरेचे खडे, प्रत्येक वेगळ्या कागदात. नवीन वर्षाचा, मे महिन्याचा, ऑगस्टचा. त्याच्याही आधीचे. जुन्यांवर पांढरट पापुद्रा आलाय.

"तुझ्या आईची मेहनत टाकवेना," म्हणाला, "खाता येईना. वास घ्यायचो. आता तू खा. पाहिजे तर किसून, थंड भातावर."

२ ऑक्टोबर, गुरुवार

तो नोतोला गेला. मामाच्या मासे सुकवायच्या शेडमध्ये काम करणार. त्याची जागा रिकामी आहे. तोबे तिथे पसरला, मी त्याला उठवला.

मी अठ्ठ्याऐंशीवर आलोय. डबा अर्धा झाला.

दुपारी सगळे झोपले होते. वरून हाक आली. "मोतोई!" मला. गुरुवारी. वर.

मी सदरा नीट केला, केसांना पाणी लावलं आणि गेलो. ओकामीबाईंनी त्याच खुर्चीत बसवलं. गरम भात वाढला, वर अंडं. समोर बसल्या, हनुवटीखाली हात घेऊन. किती दिवस या खुर्चीसाठी जीव टाकला होता. पहिला घास घेतला.

"मोतोई," त्या म्हणाल्या, "तो नीट आहे का रे? औषध घेतो का वेळेवर? मला तर फोनवर 'हो बाई, हो बाई' एवढंच म्हणतो. तुला करतो का फोन?"

एकदाही केला नव्हता.

"रोज करतो," मी म्हटलं. "तुम्ही काळजी करू नका."

त्यांचा चेहरा असा सुटला, की मला भात गिळवेना. पण गिळला. संपवला.

खाली येऊन अंगणात गेलो आणि मीच फोन लावला. मागे समुद्राचा आवाज येत होता.

"दादा, आज गुरुवार. टोचलीत का?"

"अरे!" मग घाईघाईने, "आत्ता घेणारच होतो."

"खोटं. आत्ता घ्या. मी थांबतो. फोन पोटाशी धरा."

"आई झालास का माझी?"

"धरा म्हणतो ना."

सदरा सरकल्याचा आवाज आला. टक्. मग समुद्र. मग परत टक्.

"झालं," तो म्हणाला. "आता तू जाऊन जेव."

"जेवलोय. अंडं-भात. बाईंच्या हातचा, वर, तुमच्या खुर्चीत बसून."

 मग म्हणाला, "दोन अंडी घातली होती का त्यांनी?"

"हो," मी म्हटलं. एकच होतं.

बाईंना सांगायला वर गेलो नाही, की आज घेतली त्याने. सांगेन उद्या. आजच्या दिवस ही बातमी माझ्या एकट्याची राहू दे.